नील्सची कोरी रायफल

१६ जून

आर्डिसला मूसचा परवाना लागला!

पाकीट सकाळीच आलं होतं. सरकारी शिक्का पाहून मी ते टेबलाच्या कोपऱ्यावर टाकून दिलं. तिनं उघडलं, वाचलं, पुन्हा घडी घातली आणि बटाटे सोलायला बसली. चार बटाटे झाल्यावर म्हणाली, "एल्डन, मला लागला." मला वाटलं चाकू. फडकं घेऊन धावलो. "चाकू नाही रे — मूस!"

घोड्याहून उंच, गुडघाभर पाण्यात उभं राहून अर्धवट झोपेत चरणारं ते हरीण मी आयुष्यात नऊ-दहा वेळा पाहिलं असेल. तेही लांबून. आमच्या साऱ्या खोऱ्याला मिळून परवाने पाच. चिठ्ठ्या टाकून काढतात. माणसं तीस-तीस वर्षं अर्ज भरतात आणि तशीच मरून जातात. माझ्या बायकोला एकसष्टाव्या वर्षी लागला. ती अर्ज भरते हेच मला धड ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी रेडिओ न लावता पायरीवर बसून राहिलो दोघं. समोरच्या डोंगरावरून ऊन इतकं सावकाश सरकत होतं की ते उतरतंय की चढतंय तेच कळेना.

१७ जून

पहाटे पाहिलं — झोपेत हसत होती.

२१ जून, रविवार

रविवार म्हणजे रायफल. कॉफी घेतली, हात धुतले, पांढरे सुती हातमोजे चढवले, पलंगाखालचं खोकं ओढलं. सत्तावीस वर्षांत एकच रविवार चुकला — अपेंडिक्सचा.

खोकं मूळचंच, पुठ्ठ्याचं, चारी कोपरे शाबूत. आत तोच तेलकट कागद. चापाच्या कडीला कारखान्याचं चिठोरं, लाल दोऱ्यानं बांधलेलं. १९५१ साली आर्डिसच्या वडिलांनी, नील्सनं, एकाच दिवशी दोन सारख्या रायफली घेतल्या. एक त्यानं वापरून वापरून पार झिजवली. ही दुसरी — होणाऱ्या मुलासाठी. मुलगा काही झाला नाही. एकटी आर्डिस. रायफल खोक्यातच राहिली आणि म्हातारा गेला तेव्हा माझ्याकडे आली. जावई म्हणून. मृत्युपत्रात तसं लिहूनच ठेवलं होतं त्यानं.

कोरी! कुणीही तिच्यातून एक गोळी झाडलेली नाही.

तेल पुसलं की नळीवर खिडकी उतरते. निळी, लांबट, बुडाल्यासारखी. मी तिच्यात बघत बसतो. वाटतं, गोठलेल्या तळ्याखाली काहीतरी झोपलंय आणि मी वरून चालतोय, पाय न वाजवता. तासभर कसा जातो कळत नाही.

२८ जून

आज तिनं विचारलं. मी नळीवरून फडकं फिरवत होतो. ती दारातूनच म्हणाली, "मूसला मी ही नेणार."

"कुठली ही?"

"हीच."

मी हसलो. ती हसली नाही. मग मी घाईघाईनं बोलायला लागलो — तुझी जुनी आहे की, नाहीतर माझी ने, दुर्बिणीची, हवी तर आणखी कुणाची मागून आणतो. ही नको, आर्डिस. ही कोरी आहे.

"कोरी आहे, कोरी आहे. ऐकतेय मी सत्तावीस वर्षं. नेऊ का?"

नाही म्हणालो.

"बरं," म्हणाली आणि वाटाणे सोलायला मागच्या अंगणात गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

५ जुलै

मर्ल आला होता. लाकडाच्या गिरणीत आम्ही एकवीस वर्षं शेजारी उभं राहून काम केलं. आता तो आमच्या जुन्या बंदुकांच्या मंडळाचा अध्यक्ष. मंडळाला पन्नास वर्षं होतायत. ३१ ऑक्टोबरला कॅलिस्पेलमध्ये मोठं प्रदर्शन. मधल्या टेबलावर काय ठेवायचं, तर नील्सची रायफल! मी कधीच हो म्हणून बसलोय. आयुष्यात माझ्याकडची कुठली वस्तू कुणी मधल्या टेबलावर ठेवली नव्हती.

मर्लनं खिडकीपाशी नेऊन, नळीमागचा सरकता बोल्ट काढून, नळीत छोटा दिवा सोडून पाहिलं. श्वास रोखून पाहतो तो. "आरसा आहे रे, आरसा! कारखान्यात चाचणीला झाडल्या असतील तेवढ्याच. त्यानंतर हिच्यात वारासुद्धा शिरलेला नाही."

आर्डिस रुबार्ब-पाय घेऊन आली — आंबट देठांचं गोड सारण भरून भाजलेला तिचा तो पदार्थ. "म्हणजे कारखान्यात झाडतात?" तिनं विचारलं.

"प्रत्येक रायफल झाडतात. दोन-तीन गोळ्या. त्याशिवाय बाहेर पाठवतच नाहीत."

"आणि तरी ती कोरी?"

"कोरी म्हणजे त्यानंतर कुणी हात लावला नाही, असं."

"मग चौथीनं काय बिघडतं?"

मर्लनं काटा खाली ठेवला. "चौथीनं ती बंदूक होते, आर्डिस."

"आणि तोवर काय असते?"

मर्लनं बशी पुढे सरकवली. पायचा आणखी एक तुकडा मागितला.

जाताना मला गाडीपाशी म्हणाला, "हिच्या डोक्यात काय आहे ते दिसतंय मला. ऐक. एक गोळी झाडलीस की किंमत तिसऱ्या हिश्शानं खाली. ते सोड, तू काही विकणार नाहीस. पण अशी दुसरी या राज्यात मी पाहिलेली नाही. जगात चांगल्या रायफली ढिगानं आहेत. थांबलेली ही एकच."

"नीट साफ केली तर कुणाला कळेल?"

"कुणाच्या बापाला कळणार नाही," मर्ल म्हणाला. "तुला कळलेलं असेल."

१९ जुलै

स्वप्न पडलं. खोकं उघडलं तर आत पाणी. अगदी स्वच्छ. तळाशी रायफल, आणि तिच्यावरून छोटे छोटे मासे चाललेत. मी हात घालणार तोच नील्स मागून म्हणाला, "हात ओला करू नकोस." जागा झालो तेव्हा ऊन पांघरुणावर आलं होतं आणि हात खरंच गार पडला होता.

आर्डिसला सांगितलं नाही.

८ ऑगस्ट

हकलबेऱ्या तोडायला वरच्या रानात गेलो. जांभळी बोटं, जांभळी तोंडं. ती पुढे, मी मागे. रान इतकं शांत की फळ बादलीत पडलेलं ऐकू येत होतं. पूर्वी ती गुणगुणायची. आज नाही. जूनपासून ती माझ्याशी लागेल तेवढंच बोलते — मीठ दे, दार लाव, पाऊस येईलसं दिसतंय. रागानं नाही. जणू माझ्यासाठी एवढंच शिल्लक आहे.

उतरताना तिनं बादली उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. मग खाली ठेवली. "खांदा," म्हणाली. मी दोन्ही उचलल्या.

२७ ऑगस्ट

खांद्याच्या डॉक्टरकडे. सांधा पार झिजलाय. नवा बसवायचा. १२ नोव्हेंबर.

आर्डिसनं एकच विचारलं — "नंतर रायफल?" डॉक्टर तरुण बाई होती. पेन फिरवत म्हणाली, "दणका बसेल असं काहीही करायचं नाही. कायमचं. शिकार सोडून दुसरा एखादा छंद बघा ना!"

परतीच्या रस्त्यात पन्नास मैल आर्डिस खिडकीबाहेर बघत होती. गवत कापून झालेली शेतं, सोनेरी, रिकामी. मग म्हणाली, "छंद म्हणाली ती." आणि मोठ्यानं हसली. इतक्या दिवसांनी हसली! मला मात्र हसता येईना.

६ सप्टेंबर, रविवार

आज रायफल काढली नाही.

तिला पिठाचा मोठा डबा वरून काढून हवा होता, खांद्यामुळे. त्यामागे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. हातातून निसटला, उघडला. आत कागद. सगळे एकाच खात्याचे, एकाच मजकुराचे — आपला अर्ज या वर्षी निवडला गेला नाही याबद्दल खेद वाटतो. १९७२. १९७३. १९७४. मी फरशीवरच बसलो आणि एकेक पाहिला. सव्वीस. एकही वर्ष सुटलेलं नाही.

नील्स एकाहत्तरच्या हिवाळ्यात गेला. मृत्युपत्र वाचलं तेव्हा आम्ही तिघं होतो — वकील, मी, ती. रायफलीचं नाव आलं आणि वकिलानं माझ्याकडे पाहून मान हलवली. मी खुश झालो होतो. चांगलं आठवतंय. तिच्याकडे मी पाहिलंच नव्हतं.

नेम तर या खोऱ्यात तिच्यासारखा कुणाचा नाही. नील्सच शिकवून गेला. पण झिजकी रायफल हातात देऊन.

कागद होते तसे लावून ठेवले. पीठ दिलं.

७ सप्टेंबर

दिवसभर वाक्य जुळवलं. कुंपणाशी, लाकडं फोडताना, गाडीखाली झोपून. शेवटी ती कपडे वाळत घालत होती तिथं गेलो. चादर मध्ये होती, बरंच झालं.

"ती ने," म्हणालो.

चादरीमागे चिमट्यांचा आवाज थांबला.

"मूसला. नील्सची ने. म्हणजे — तुझीच. मी देतोय. द्यायला मी कोण, पण देतोय."

चादर वाऱ्यानं फुगली, बसली. ती तशीच उभी होती, ओला टॉवेल छातीशी धरून.

"मर्ल काय म्हणेल?"

"मर्लला मूस लागलेला नाही."

रात्रीच्या जेवणाला तिनं गुणगुणत भाजी परतली.

१३ सप्टेंबर

मर्लला सांगितलं. फोनवर नाही, त्याच्या घरी जाऊन. तो आधी लाल झाला, मग पांढरा.

"वेड लागलंय का तुला? सत्तेचाळीस वर्षं टिकली! दोन महायुद्धांतली माणसं टिकली नाहीत इतकी टिकली! आणि कशासाठी? एका मूससाठी? अरे, माझी घेऊन जा! दोन्ही घेऊन जा!"

मी म्हणालो, तिला ती हवी आहे.

"का?"

मला सव्वीस कागदांचं सांगायचं नव्हतं, ते तिचे आहेत. म्हणालो, "तिच्या बापानं ती माझ्या नावावर केली म्हणून."

मर्लनं भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. त्याला तीन मुली. "मधलं टेबल रिकामं राहील," इतकंच म्हणाला.

राहील. गाडी चालवत येताना एकदा डोळे पुसावे लागले. खोटं कशाला लिहू — टेबलासाठी.

४ ऑक्टोबर

लार्चची झाडं पेटलीत. त्यांची सुयांसारखी पानं पिवळीजर्द झाली आहेत आणि वारा नसतानाही गळतात. टोपीवर, बाह्यांवर, कॉफीत. सोन्याच्या धुरात चालल्यासारखं वाटतं.

बीव्हरांनी ओढा अडवून केलेल्या तळ्याशी आर्डिसला खुरांचे ठसे सापडले. माझ्या पंजाहून मोठे. वाळुंजाच्या फांद्या माणसाच्या उंचीवर खाल्लेल्या. ती खुणेशी उकिडवी बसली, बोटानं कड चाचपली. "आजचाच," कुजबुजली. तिचा चेहरा चौदा वर्षांच्या मुलीचा दिसत होता.

१४ ऑक्टोबर

उद्या. शेजारची जोलीन तिची दोन खेचरं घेऊन नऊला खालच्या वाटेवर थांबेल, मांस आणायला. "आर्डिस मावशी चुकली तर खेचरांना फिरवून आणते," म्हणाली, टवाळ पोर!

मी आर्डिसला म्हटलं, आधी खाणीत नेऊन दोन-तीन झाडून बघ, कुठं मारते ते तरी कळेल. नको म्हणाली. जितक्या कमी तितक्या बऱ्या. माझ्यासाठीच म्हणाली असणार.

मग चिठोरं सोडायची वेळ आली. लाल दोऱ्याची गाठ माझ्या जाड बोटांना सुटेना. कात्री आणायला उठलो तर तिनं दोन बोटांत धरून एका ओढीत सोडवली. चिठोरं माझ्या तळहातावर ठेवलं. काहीच वजन नव्हतं त्याला.

१५ ऑक्टोबर

लिहितो. सगळं लिहून ठेवतो.

उजाडायच्या आत तळ्याशी पोचलो. धुकं इतकं की पाणी कुठं संपतं ते दिसेना. आडव्या खोडामागे बसलो. तिच्याजवळ तीन काडतुसं — एक नळीत, दोन खिशात. थर्मासचं झाकणसुद्धा उघडलं नाही, आवाज होईल म्हणून. लार्चच्या सुया पडत होत्या. मला वाटतं मी थोडा झोपलो. धुक्यात बसलं की जागेपण आणि झोप यांत फारसा फरक राहत नाही. तळं श्वास घेतंय असं वाटत होतं. मग कळलं की कुणीतरी खरंच श्वास घेतंय.

तो पाण्यात उभा होता. आधी नुसती शिंगं, उलथून पडलेल्या दोन होड्यांसारखी. मग मान, पाठ. शिंगांवरून शेवाळ लोंबत होतं, त्यातून पाणी टपकत होतं. सत्तर पावलं. आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही त्यानं.

आर्डिसनं कोपर खोडावर टेकवलं. मी बरोबर तिच्या मागे. डोक्यात एकच — अजून कोरी आहे. अजून आहे. अजून आहे. नळीच्या रेषेत पाहिलं तर नेम चुकतोय! मूसच्या खांद्याच्या बराच उजवीकडे! तोंड उघडणार —

आवाज ऐकू आल्याचं आठवतच नाही. तिचा खांदा मागे गेला, धुक्याला भोक पडलं, डोंगराडोंगरांवरून काहीतरी गडगडत लांब गेलं. मूस दोन पावलं काठाकडे चालला, विचार केल्यासारखा थांबला आणि कुशीवर झाला. मग पाणी पुन्हा सपाट.

एक गोळी. थेट खांद्यामागे.

"लागली कशी?" मी विचारलं. "नेम तर उजवीकडे होता!"

"लागली ना?" म्हणाली. खांदा धरून बसली होती, डोळ्यांत पाणी, आणि हसत होती.

मग काठाला जाऊन ती त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसली. ओल्या मानेवर हात ठेवला. बराच वेळ. मी लांब उभा राहिलो. रायफल माझ्या हातात होती. नळी कोमट! इतक्या वर्षांत ती मला पहिल्यांदा कोमट लागली. नाकाशी नेली. दारूचा वास, जळका, गोडसर. वाईट वाटेल म्हणून वाट पाहत राहिलो. वाटलंच नाही. नुसती कोमट, एवढंच.

नऊला आलेल्या जोलीनला दुपारपर्यंत थांबावं लागलं. मांस तोडून, बांधून, खेचरांवर चढवून खाली उतरलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं.

१७ ऑक्टोबर

काळीज कांद्यावर परतून खाल्लं. सबंध घर त्या वासानं भरलंय. अर्धं मांस वाटून टाकलं. मर्लकडे मोठा तुकडा घेऊन आर्डिस स्वतः गेली. परत आली ती गालात हसत. काय झालं ते सांगेना.

रायफल दोघांनी मिळून साफ केली. हातमोजे घातले नाहीत.

२४ ऑक्टोबर

पहिलं हिम. मर्लचा फोन.

"मधलं टेबल अजून रिकामं आहे," म्हणाला. घसा खाकरला. "आणतोस का? खरं काय ते कार्डावर लिहू. मंडळी नाक मुरडतील. मुरडू देत. बायको म्हणते, तिला त्या कोऱ्या बंदुका बघून कंटाळा आलाय. आणि मांस — मांस फार छान होतं रे."

३१ ऑक्टोबर

प्रदर्शन. मधलं टेबल, हिरवं कापड, वर नील्सची रायफल. शेजारी मर्लच्या सुबक अक्षरात कार्ड — १९५१. एकदाच झाडलेली. १५ ऑक्टोबर, आर्डिसच्या हातून.

तिनं चष्मा लावून वाचलं. मग माझ्या कानाशी वाकली. "आकडा चुकलाय."

"काय?"

"चार. मी चौदा वर्षांची होते. पप्पा गिरणीवर गेले होते. खाणीमागच्या खोडावर तीन झाडल्या. वीतभर डावीकडे मारते ती. मग पुसली, कागद होता तसा घातला, दोरा होता तसा बांधला."

मी कार्ड पुन्हा वाचलं. "आणि सत्तावीस वर्षं मला —"

"रविवारी स्वतःचं तोंड बघितलंयस का कधी? कशाला सांगू?"

"मग मागितलीस कशाला? एकदा झाडून तर झाली होती!"

तिनं कार्ड उगाच सरळ केलं. "ती चोरून रे. मला कुणीतरी दिलेली झाडायची होती."